श्रीनिवास सोहनी स्टोव्ह दुरुस्त करतात

श्रीनिवास सोहनी इंजिनिअर आहे, हे त्याच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहा येण्याआधी कळत असे. पाहुण्याने विचारायची वाट तो बघत नसे. विषय हवापाण्याचा असो की कुणाच्या गुडघ्याचा, ‘ॲज ॲन इंजिनिअर सांगतो’ म्हणून तो मध्ये पडणारच. पुण्यातून मेकॅनिकलची पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि तसाच सॉफ्टवेअर कंपनीत शिरला, तो आजतागायत तिथेच. यंत्राशी त्याचा संबंध आला तो ऑस्ट्रेलियात, खोक्यातून आलेलं कपाट जोडताना. ते कपाट अजूनही दार उघडलं की पुढे झुकतं. त्यात बायकोच्या, म्हणजे वीणाच्या, साड्या आहेत, म्हणून ते झुकलेलं चालतं.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात घर घेतलं तेही याच बुद्धीने. तिथल्या शाळांच्या हद्दीत घर मिळावं म्हणून आईबाप जिवाचा आटापिटा करतात. सोहनींना मूल नव्हतं. ‘आधी सेटल होऊ’ म्हणत श्रीनिवासनेच तो विषय पुढे पुढे ढकलला होता, आणि आता त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण शाळा मात्र उत्तम मिळाली. ‘रीसेल बघ वीणा, रीसेल!’ असं तो म्हणाला होता, आणि वीणाने रीसेल बघितला होता.

त्या घरात गॅसचं चांगलं चालतं हीटिंग होतं. बटण दाबलं की प्रत्येक खोलीत जमिनीतून ऊब यायची. हे सुख श्रीनिवासला बघवलं नाही. सिडनीला केलीव्हिलमध्ये राहणाऱ्या अजितने मित्रांच्या ग्रुपवर आपल्या छपरावरच्या सोलर पॅनेलांचा फोटो टाकला, आणि त्याला अठ्ठावीस अंगठे मिळाले. झालं. अजितवर कडी करायची म्हणून श्रीनिवासने पेलेट स्टोव्ह आणला आणि गॅसचं हीटिंग काढून टाकलं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या कांड्या या स्टोव्हच्या वरच्या डब्यात ओतायच्या. डब्याच्या तळाशी मळसूत्रासारखा एक स्क्रू थोड्या थोड्या वेळाने फिरतो आणि चार-चार कांड्या आगीत ढकलतो. काचेमागे ज्योत दिसते. फोटो छान येतो.

स्टोव्ह पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू झाला. बाहेर जग बंद होत होतं, विमानं थांबली होती, दुकानांत टॉयलेट पेपरसाठी मारामाऱ्या चालल्या होत्या, आणि सोहनींच्या फॅमिली रूममध्ये यंत्रपूजा चालली होती. वासंतीबाई, म्हणजे श्रीनिवासची आई, डोंबिवलीहून व्हिडिओवर पौरोहित्य करत होत्या. विड्याचं पान मिळेना म्हणून स्टोव्हच्या झाकणावर पालकाचं पान, त्यावर तांदळाची रास, त्यावर गणपती म्हणून सुपारी. हळदकुंकू झालं, फूल झालं.

“श्रीनू, आतही चार अक्षता टाक रे,” आई म्हणाल्या. “घरातला अग्नी आहे तो.”

श्रीनूने एका हातात फोन धरला होता. दुसऱ्या हाताने त्याने झाकण उचललं. पान, तांदूळ, फूल सगळं घसरून डब्यात गेलं. “झालं, आई,” तो म्हणाला आणि वरून कांड्यांची अख्खी पिशवी ओतली. वीणा तेव्हा कामावर होती.

वीणाचं काम म्हणजे लोकांच्या नाकात काडी घालणं. ती मिरजेची एमबीबीएस. सोलापुरात वर्षभर हॉस्पिटलात रात्रपाळ्या केलेली. पण श्रीनिवासच्या स्किल्ड व्हिसावर ती इकडे आली आणि डॉक्टर न राहता इंजिनिअरची बायको झाली. इथे डॉक्टर व्हायचं तर इथली परीक्षा द्यावी लागते. लेखी भाग तिने पहिल्याच वर्षी काढला. पेशंट तपासून दाखवायचा भाग राहिला तो राहिलाच. एकदा नाव घातलं तर सासऱ्यांची बायपास निघाली, नि सून जवळ हवी म्हणून ती डोंबिवलीला गेली. दुसऱ्यांदा नाव घातलं तर घर बदलायचं निघालं, आणि श्रीनिवासच्या सॉफ्टवेअरची त्या आठवड्यात रिलीज होती. मधल्या काळात ती रक्त काढायच्या लॅबमध्ये लागली. कोव्हिड आल्यावर तिला टेस्टसाठी आलेल्या गाड्यांच्या रांगेत उभं केलं. दिवसभर प्लॅस्टिकच्या झग्यात, नाकावर मास्कचा वळ.

आणि त्याच कोव्हिडने तिला एक दार उघडून दिलं. परीक्षा ऑनलाइन झाली. स्क्रीनवर पेशंट, स्क्रीनवर परीक्षक. जागा थोड्या आणि उड्या हजारोंच्या, तरी वीणाला ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका शनिवारची जागा मिळाली. ही गेली तर पुढची कधी, ते कुणीच सांगत नव्हतं. लेखीची मुदतही संपत आली होती. म्हणजे हा शनिवार हुकला की सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायचं बळ आता आपल्यात नाही हे वीणाला पक्कं ठाऊक होतं.

अभ्यासाला घरात एकच जागा होती, फॅमिली रूम. इंटरनेट धड तिथेच चालायचं आणि ऊबही तिथेच होती. बाकीच्या खोल्यांत सकाळी तोंडातून वाफ निघे. आणि त्या एकुलत्या खोलीत स्टोव्ह आवाज करायला लागला होता.

कर्रर्र-टक्. मग शांतता. वीणा म्हणे, “छातीत दुखतंय ते कधीपासून?” तिच्या समोर कुणी नसे, ती स्वतःशीच सराव करे. “हातात कळ जाते का? घाम—” कर्रर्र-टक्. सलग आवाज असता तर माणसाला सवय तरी झाली असती. हा थांबायचा. थांबला की पुढचा कधी येतो याकडे कान लागायचे, आणि पेशंटच्या छातीतलं दुखणं विसरायला व्हायचं.

“नवीन मशीन आहे, रन-इन होतंय,” श्रीनिवास एप्रिलमध्ये म्हणाला. मेमध्ये तो म्हणाला, “थर्मल एक्स्पान्शन.” जूनमध्ये त्याने काहीच म्हटलं नाही, आणि जुलैमध्ये त्याने टूलकिट मागवलं.

आता वर्क फ्रॉम होम होतं. त्याच्या कंपनीने लोक कमी केले होते आणि राहिलेल्यांना आठवड्याचे चारच दिवस दिले होते. ते त्याने वीणाला सांगितलं नव्हतं. ते तिला अजितच्या बायकोकडून, लीनाकडून कळलं. तिने त्याला तोंडावर विचारलं नाही. माणूस आपण होऊन सांगतो का ते बघत राहिली, आणि तो काही सांगेना. तो व्हिडिओ बघायचा. अमेरिकेतला कुणी दाढीवाला हातात पकड घेऊन बोलायचा, आणि श्रीनिवास त्याला मराठीत उत्तरं द्यायचा. “तेच तर म्हणतोय मी, बेअरिंग आहे.” उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आणखी एक उंटावरचा भेटला होता.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. पंख्याला खोबरेल तेल घातलं. दोन दिवस घरात जळक्या खोबऱ्याचा वास, आवाज होता तिथेच. मग व्हायब्रेशन म्हणून वीणाची योगा मॅट कापून स्टोव्हच्या पायांखाली घातली. स्टोव्ह डुगडुगायला लागला, आवाज तसाच. मग मागची पट्टी काढून उलटी बसवली. कर्रर्र-टक्चं कर्रर्र-टक्-खण झालं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं वीणा मनात म्हणाली, तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की गणपती खरंच आत आहे.

एके दिवशी ती कामावरून आली तर स्वारी जमिनीवर पालथी, कानांत स्टेथोस्कोप. तिचा. मिरजेला पहिल्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेला, नऊ वर्षं कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला. त्याची चकती स्टोव्हच्या पोटावर टेकवून श्रीनिवास डोळे मिटून ऐकत होता.

“हे काय?”

“शूऽऽ. डायग्नोसिस चाललंय.” त्याने डोळे उघडले नाहीत. “अगं, बेस्ट टूल आहे हे. नाहीतरी पडूनच होतं ना?”

चकतीला काजळी लागली होती आणि रबरी नळी एका जागी गरम पत्र्याला चिकटून वितळली होती. वीणाने तो त्याच्या कानांतून काढून घेतला. बाथरूममध्ये जाऊन तिने चकती धुतली. नळीवरचा वितळलेला डाग काही निघाला नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती शिसारी, आणि तीही स्टोव्हची नव्हे.

स्टोव्हबरोबर एक पुस्तिका आली होती. वीणाने ती जेवताना वाचली. आवाज आल्यास काय करावं, या पानावर पहिलंच वाक्य होतं, स्टोव्ह थंड करून वरचा डबा पूर्ण रिकामा करा आणि तळ बघा. तिने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

श्रीनिवास हसला. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर मोठी माणसं हसतात तसं. “अगं ते लीगल पर्पजसाठी लिहावं लागतं. मॅन्युअल युजरसाठी असतं, वीणा. आपण इंजिनिअर आहोत.”

“मग कुणाला तरी बोलाव. दुरुस्तीवाल्यांना परवानगी आहे.”

“स्टेज फोर लॉकडाऊन आहे, घरात बाहेरचा माणूस? तूच पॉझिटिव्ह लोक हाताळतेस आणि तूच असं म्हणतेस?” हे मुद्द्याचं नव्हतं, पण तिचं तोंड बंद करायला पुरेसं होतं. शिवाय ग्रुपवर त्याने ‘डीआयवाय, मेट!’, म्हणजे आपलं काम आपणच करा, असं लिहून टूलकिटसह स्वतःचा फोटो आधीच टाकला होता. आता तिऱ्हाईत माणूस दारात आला तर अजितला काय सांगणार?

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, वीणाने सुट्टी घेतली. शेवटची उजळणी करायची होती. श्रीनिवासचा त्या दिवशी बिनकामाचा वार होता, पण तो म्हणाला, “तुझ्यासाठी सिक लीव्ह टाकली. आज याचा निकाल लावतो. उद्या तुला पिनड्रॉप सायलेन्स.” निकाल लावतो हे ऐकून तिने आपल्या वह्या उचलून आतल्या खोलीत नेल्या.

दुपारपर्यंत स्टोव्ह उघडा पडला होता. पंखा गालिच्यावर, पत्रे सोफ्यावर, स्क्रू तिच्या आमटीच्या वाट्यांत. राख उडून पडद्यांवर बसली होती. मोटर काढायची तर धूड आडवं करायला हवं आणि आडवं करायचं तर डबा रिकामा हवा. पाच महिन्यांनी, नाइलाज म्हणून, पुस्तिकेच्या पहिल्या वाक्यापाशी येऊन पोचला एकदाचा इंजिनिअर. इतके दिवस डबा अर्धा झाला की वरून भरायचा, तळ कधी दिसलाच नव्हता.

वीणा चहा घेऊन दारात आली तेव्हा तो डबा बादलीत ओतत होता. कांड्या गेल्या, भुसा गेला, हळदीने पिवळे झालेले तांदूळ गेले, आणि शेवटी ठण्ण करून काहीतरी पडलं. श्रीनिवासने ते उचललं. सुपारी. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने स्क्रूने कुरतडून कुरतडून चपटी केलेली. स्क्रूच्या फटीतून जाण्याएवढी ती लहान नव्हती आणि तुटण्याएवढी मऊ नव्हती, म्हणून सगळा हिवाळा तळाशी बसून ती गोल गोल फिरत होती.

त्याने आधी दाराकडे पाहिलं नाही. सुपारी खिशात टाकली. मग मान वर केली तर वीणा उभी. “बेअरिंगच होतं,” तो म्हणाला.

तिने चहा खाली ठेवला आणि ती आत गेली. एवढा मोठा माणूस, कानांवर केस पांढरे झालेले, आणि खिशात सुपारी लपवतो. तिला भांडावंसंही वाटलं नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिला त्याचा आवाज ऐकू आला. आईशी बोलत होता. त्यांना सांगावंच लागलं असणार, कारण गणपतीची सुपारी खिशात घेऊन हिंडायला त्याचं मन धजेना.

“नाही ग आई, मी उचलली होती... वीणानेच पेलेट भरताना पाडली असणार. हल्ली लक्ष कुठे असतं तिचं, सारखी परीक्षा नि परीक्षा.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या इतक्या हळू, इतक्या समजूतदार आवाजात मारता येतात, हे वीणाला नवीन होतं. पलीकडून वासंतीबाईंचा आवाज चढला. गणपती सगळा हिवाळा यंत्रात दळला गेला, अरे देवा, शांत करा, अभिषेक करा, आणि तोवर घरात कुठलंही नवं कार्य नको.

तो खोलीत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

“वीणा, ऐक. मी मानत नाही हे सगळं, यू नो मी. पण आईच्या मनाला लागलंय. परीक्षा जरा पोस्टपोन करता येईल का? फक्त विचारतोय. तसाही स्टोव्ह उद्यापर्यंत जोडून होणार नाही, रूम गारठलेली असेल. तू आजारी पडशील.”

वीणाने वही मिटली. “श्रीनिवास, सुपारी तू पाडलीस.”

“ते महत्त्वाचं नाहीये.”

“नाहीये. उद्या मी बसणार.”

तो उठला नाही. पायमोज्यावरची राख झटकत राहिला. मग एकदम म्हणाला, “तू पास झालीस की कंट्रीला पाठवतात, लांब कुठल्यातरी खेड्यात. सगळ्या ओव्हरसीज डॉक्टरांना पाठवतात. मग मी काय करू इथे? माझं... कंपनीत पण काही खरं नाहीये.”

इतक्या वर्षांत त्याने बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने त्याचा हात हातात घेतला असता. पण खरं बोलायला त्याने हाच दिवस निवडला होता, आणि तेही तिला थांबवण्यासाठी. तिला दया येता येता राहिली आणि तिच्या जागी जे आलं त्याला मराठीत तुच्छता म्हणतात. तिला त्या तुच्छतेची लाजही वाटली नाही.

“राख बाहेर झटक,” ती म्हणाली आणि तिने वही उघडली.

शनिवारी सकाळी फॅमिली रूम बर्फासारखी होती. वीणाने दोन स्वेटर घातले, त्यावर लॅबचं जाड जॅकेट घातलं, आणि पायांवर गोधडी घेतली. सोफ्यावरचे पत्रे तिने हलवले नाहीत, वेळच नव्हता. परीक्षेच्या आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची असते. तिने लॅपटॉप उचलून फिरवला.

“What’s all that, Doctor?” पलीकडच्या बाईंनी विचारलं. त्यांना सोफ्यावरचे पत्रे आणि गालिच्यावरचा पंखा दिसला असणार.

“माय हजबंड्स हॉबी,” वीणा म्हणाली.

बाई हसल्या. त्या तिला डॉक्टर म्हणाल्या होत्या, सहज, सगळ्यांना म्हणतात तसं. वीणाला ते ऐकायला आलं आणि तिची पाठ ताठ झाली. मग पहिला पेशंट स्क्रीनवर आला, छातीवर हात धरून पेशंटचं सोंग घेतलेला कुणी म्हातारा नट, आणि तिने विचारलं, दुखतंय ते कधीपासून? खोलीत कुठलाही आवाज नव्हता. बोटं गारठून वाकत नव्हती, पण जीभ चालत होती. बंद दाराबाहेर श्रीनिवास होता की नव्हता, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, कारण तिला ते आठवलंच नाही.

स्टोव्ह पुढच्या आठवड्यात जोडून झाला. दोन स्क्रू उरले. आवाज मात्र गेला, जाणारच होता. श्रीनिवासने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, काचेमागची ज्योत आणि स्वतःचा आवाज, ‘रूट कॉज ॲनालिसिस, फ्रेंड्स. पेशन्स लागतो.’ अजितने अंगठा दिला. वासंतीबाईंनी गणेशयागाचं बघते म्हणून कळवलं. सुपारीचा विषय कुठेच निघाला नाही, आणि वीणानेही काढला नाही. त्याची लाज झाकायला नव्हे. तिला त्यात गंमत उरली नव्हती.

निकाल वसंतात लागला. ती पास झाली. श्रीनिवासने सगळ्यांना फोन केले. “आम्ही क्लिअर केली,” असं तो म्हणाला, आणि “मी तिला घरात पूर्ण सायलेन्स मेन्टेन करून दिला,” असंही म्हणाला. वीणा शेजारी बसून ऐकत होती. ती भाजी निवडत होती आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

लॉकडाऊन उठल्यावर, मेलबर्नपासून चार तास दूर असलेल्या एका गावातल्या हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली. तिथली राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी एका दुपारी फोन केला. वीणाचे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. श्रीनिवास स्टोव्हसमोर मांडी घालून बसला होता आणि सीझन संपला म्हणून ब्रशने राख काढत होता. तो म्हणतच होता की तिकडे घर मोठं बघ, मला ऑफिससाठी एक रूम लागेल, आणि स्टोव्ह ट्रेलरमधून नेता येईल का बघतो.

“Anyone coming with you, Doctor?” बाईंनी विचारलं. “फॅमिली?”

ब्रश थांबला. वीणाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नाकावर राख लागली होती. तो हसला, नेहमीचं हसू, उत्तर आपल्याला आधीच माहीत असल्याचं. हे बघताना तिच्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत आपण या माणसावर चिडलेलोसुद्धा नाही.

“नो,” ती म्हणाली. “जस्ट मी.”

“No worries,” बाई म्हणाल्या. “मग वन बेडरूम पुरेल.”

“पुरेल,” वीणा म्हणाली, आणि तिने हात धुवायला नळ सोडला.